हॅलिबर्टन पडला त्या सकाळी

विजय खोडे आणि गुणवंता कळंबे यांची दोस्ती सौंसरच्या शाळेत, बास्केटबॉलच्या रिंगखाली झाली, आणि तिथे जे भांडण सुरू झालं ते त्यांना चाळीस वर्षं पुरलं. आख्खा तालुका क्रिकेट खेळायचा. नवीन आलेल्या पीटीच्या सरांनी मात्र मैदानात दोन लोखंडी खांब रोवले, बिनजाळीच्या रिंगा लावल्या आणि उंच पोरं निवडून घेतली. विजय उंच होता. गुणवंता नव्हता, पण त्याच्या हातून चेंडू काढून घेणं कोणाला जमायचं नाही, आणि तोंड तर त्याचं हातापेक्षा जास्त चालायचं.

पुढे विजय पांढुर्ण्याला गणिताचा मास्तर झाला. गुणवंताने सौंसरला बसस्टँडच्या रस्त्यावर मोटार वाइंडिंगचं दुकान टाकलं. मग केबल आली, आणि केबलवर अमेरिकेतलं बास्केटबॉल. विजयने मायकेल जॉर्डनला पाहिलं आणि त्याच्यापुरता विषय संपला. गुणवंता म्हणायचा, मॅजिक जॉन्सन मोठा. लेब्रॉन आल्यावर तो लेब्रॉनकडे गेला. जॉर्डनला मोठं म्हणावं लागू नये एवढ्यासाठीच हा माणूस बाजू बदलतो, अशी विजयची खात्री होती.

एप्रिल ते जून, प्लेऑफच्या म्हणजे बाद फेऱ्यांच्या दिवसांत, सकाळची मॅच संपली की गुणवंताचा फोन ठरलेला.

"सहा फायनल खेळला, सहा जिंकला. पुढं बोल," विजय म्हणायचा.

"अबे, तुया जॉर्डनच्या पुढे होतं कोण? आत्ताच्या पोरायले पाय. अर्ध्या मैदानातून टाकून राहिले ते."

"तेव्हा खांद्याला खांदा लावून खेळत होते. आता बोट लागलं तरी शिटी वाजते."

"मास्तर, तू गणित शिकव. बाकीचं तुले झेपत नाही."

विजयची बायको अपर्णा म्हणायची, हे दोघं एकमेकांच्या तब्येतीचं कधी विचारत नाहीत, अमेरिकेतल्या माणसांच्या गुडघ्यांची चौकशी मात्र रोज करतात. ते खरंच होतं. म्हणूनच दिवाळीत गुणवंताचा आवाज घोगरा झाला तेव्हा विजयने फक्त चिडवलं, ओरडून ओरडून बसला असेल म्हणून. तीस वर्षं गुणवंताच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता. डिसेंबरात नागपूरला दाखवलं, तर स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला. जानेवारीत ऑपरेशन करून स्वरयंत्रच काढलं. गळ्याला छिद्र राहिलं, श्वास त्यातूनच घ्यायचा, वरून पातळ कापड बांधायचं. आवाज गेला तो कायमचा.

फोन बंद झाले. विजय दर रविवारी बसने सौंसरला जायला लागला. गुणवंता पलंगावर बसून वहीत लिहायचा. हो म्हणायचं असलं की पलंगाच्या लाकडावर एकदा टकटक, नाही म्हणायचं असलं की दोनदा.

पहिल्या रविवारी त्याने वही पुढे केली. "लेब्रॉन मोठा का नाही?"

विजयने त्या गळ्याच्या कापडाकडे पाहिलं. ते श्वासासरशी हलत होतं. तो म्हणाला, "हो रे. तू म्हणतोस ते बरोबरच आहे. लेब्रॉन मोठा."

गुणवंताने वही ओढून घेतली. पेन इतकं दाबून लिहिलं की कागद फाटला. "मेलो का मी? आत्ताच मारून टाकलं काय तू मले?"

विजयने वाचलं. गुणवंताने पान उलटलं.

"कीव करून राहिला तं येऊ नको. भांडाचं असलं तं ये."

विजय म्हणाला, "बरं. पुन्हा असं नाही करणार."

"कबूल?"

"कबूल."

तेव्हापासून विजय पूर्ण आवाजात भांडायचा. पहिल्यांदा वृषाली, गुणवंताची बायको, स्वयंपाकघरातून धावत आली. आजारी माणसावर कोणी असं ओरडतं का! बघते तर नवरा दोन्ही हातांनी पलंग बडवतोय आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसतोय, बिनआवाजाचं. ती तशीच दारात उभी राहिली आणि मग चहा टाकायला गेली.

त्या वर्षी प्लेऑफ सुरू झाले तेव्हा गुणवंताने वहीत लिहिलं, "इंडियाना." विजय हसला. त्या टीमचं नाव जिंकणाऱ्यांत कोणी घेत नव्हतं. "क्लीव्हलँडसमोर चार दिवस टिकणार नाहीत," तो म्हणाला. सात मॅचांच्या फेरीत इंडियानाने क्लीव्हलँडला चार-एकने घरी पाठवलं. मग विजय म्हणाला, "न्यूयॉर्क सोडणार नाही त्यांना." न्यूयॉर्कशी पहिलीच मॅच, तीन मिनिटं उरलेली, इंडियाना चौदा गुणांनी मागे. त्यांच्या हॅलिबर्टनने शेवटच्या क्षणी टाकलेला चेंडू रिंगेच्या मागच्या कडेला आपटून उंच उडाला आणि सरळ आत पडला. मॅच बरोबरीत, आणि जादा वेळेत इंडियाना जिंकली. विजय मोबाईलवर पाहत होता. मॅच संपते न संपते तोच गुणवंताचा मेसेज आला, "जॉर्डनले विचार, असा पडला होता काय कधी."

विजयचा एकही अंदाज खरा निघाला नाही. इंडियाना फायनलला गेली, समोर ओक्लाहोमा. गुणवंताच्या अंगात जीव आल्यासारखं झालं. तो दुकानात जाऊन बसायला लागला. पेरणी तोंडावर आलेली, शेतपंपांच्या जळलेल्या मोटारी रांगेत पडलेल्या, आणि वाइंडिंगला त्याच्यासारखा हात तालुक्यात दुसऱ्याचा नव्हता.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अंकुरचा फोन आला. अंकुर म्हणजे गुणवंताचा मुलगा, पुण्याला कंपनीत होता.

"काका, बाबांच्या स्कॅनचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी मला पाठवला." तो थांबला. "दोन्ही फुफ्फुसांत पसरलंय. म्हणाले, दोन महिने. फार तर तीन."

विजय शाळेच्या व्हरांड्यात उभा होता. आत सुट्टीतल्या जादा वर्गाची पोरं गोंगाट करत होती.

"बाबांना सांगू नका, काका. इतक्या दिवसांनी खूश आहेत. आईलापण मी एवढंच सांगितलंय की अजून तपासण्या बाकी आहेत. निदान फायनल होऊ द्या. मग मी येतो आणि काय ते बघू."

"अरे पण अंकुर..."

"काका, प्लीज."

पोरगा रडत होता. विजय बरं म्हणाला.

त्या रविवारी गुणवंताने विचारलं. बास्केटबॉलचं नाही. "रिपोर्ट काय आला? अंकुर तुले सांगते, मले माहीत आहे."

विजय म्हणाला, "साफ आहे. काही नाही."

गुणवंताने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं, पलंगावर एकदा टकटक केली आणि पान उलटून ओक्लाहोमाच्या बचावाची आकृती काढायला घेतली.

फायनल तीन-तीनवर आली. सातवी मॅच आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेपाचला होती. विजयने सुट्टी टाकली आणि रविवारी संध्याकाळच्या बसने सौंसर गाठलं. सकाळी दोघं टीव्हीपुढे बसले. कूलरचा आवाज, वृषालीने आणून ठेवलेला चहा, आणि गुणवंताच्या मांडीवर वही.

हॅलिबर्टनच्या पोटरीला आधीच दुखापत होती. डॉक्टरांनी त्याला धोका सांगितला होता, सगळ्या बातम्यांत तेच होतं. तरी तो उतरला आणि आल्या आल्या लांबून तीन चेंडू टाकले. गुणवंताने प्रत्येक वेळी पलंग बडवला. मग पहिलं सत्र संपायच्या आधीच हॅलिबर्टन पुढे झेपावला आणि कोसळला. त्याला कोणी धक्का दिला नव्हता. तो जमिनीवर तळहात आपटत राहिला. टाच धरून, तोंड वेडंवाकडं करून नाही-नाही म्हणत होता. त्याला उचलून आत नेलं.

गुणवंताच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसायचं त्याच्या लक्षात नव्हतं. विजयने त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठीची हाडं शर्टातून हाताला लागली.

बऱ्याच वेळाने गुणवंताने पेन उचललं. "खरं सांग. लेब्रॉन मोठा का जॉर्डन?"

त्या घडीला विजयच्या मनात भांडण नव्हतं. पाठीवरच्या हाताला लागणारी हाडं होती, अंकुरचं रडणं होतं. त्याच्या तोंडून निघून गेलं, "लेब्रॉन. लेब्रॉनच मोठा, गुणवंता."

गुणवंताने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. विजयला कळलं, पण वेळ गेली होती.

टीव्हीवर इंडियाना हॅलिबर्टनशिवायही झुंजत होती. मध्यंतरापर्यंत एका गुणाने पुढे होती. गुणवंताने रिमोट घेऊन टीव्ही बंद केला. मग लिहायला लागला. लिहायला त्याला कधी इतका वेळ लागला नव्हता.

"रिपोर्ट साफ नव्हता."

विजयने हातातला कप खाली ठेवला.

"किती दिवस?"

"दोन महिने," विजय म्हणाला. "फार तर तीन, असं डॉक्टर म्हणाले. अंकुरने मला शपथ... शपथ नाही, विनंती केली. तू खूश होतास म्हणून. तो रडत होता रे."

"अंकुर पोरगा आहे माया. त्याले भेव वाटलं असन. तू काहून?"

विजयने वही परत त्याच्याकडे सरकवली.

गुणवंता लिहीत राहिला, ओळी तिरक्या जाऊ लागल्या. "त्या पोराले सगळ्यायनं सांगतलं का पाय जाईन. त्याले विचारलं. तो म्हणाला खेळतो. पडला तं पडला, त्याचं तो पडला. मले कोणी विचारलं? दहा दिवस मी दुकानात बसून लोकायच्या मोटारी भरल्या. मले माहीत असतं तं मी घरी बसलो असतो. वृषालीजवळ बसलो असतो. अंकुरले बोलावून घेतलं असतं."

"गुणवंता, मी चुकलो."

"आपल्या दोघात एकच गोष्ट खरी होती. ते म्हणजे तू मले उगाच हो म्हणत नव्हता."

त्याने वही मिटली आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. विजय पलंगाच्या कडेला बसून राहिला. बाहेर ऊन चढलं. वृषाली नाश्ता घेऊन आली आणि बंद टीव्ही बघून म्हणाली, "काय झालं भाऊजी, हरले काय?"

"हो," विजय म्हणाला.

त्याच आठवड्यात अंकुर आला आणि रजा टाकून राहिला. गुणवंताने त्याला एका शब्दाने दोष दिला नाही. त्याला जवळ घेऊन झोपायचा, लहान होता तेव्हा घ्यायचा तसा. वृषालीला घेऊन मोहगावला तिच्या माहेरी दोन दिवस राहून आला. दुकानातल्या उरलेल्या मोटारी ज्याच्या त्याला परत करायला लावल्या.

विजय पुढचे चार रविवार गेला. पहिल्या रविवारी तो मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "जॉर्डन. जॉर्डनच मोठा, ऐक. लेब्रॉन सहा फायनल हरलाय." गुणवंता छताकडे बघत होता. वही उशाशी होती, पेन तिच्यात खोचलेलं. दुसऱ्या रविवारी विजयने माफी मागितली, पाय धरून. गुणवंताने पाय ओढून घेतले. रागाने नाही, सावकाश, म्हणून विजयला जास्त लागलं. तिसऱ्या रविवारी तो नुसता बसून राहिला. चौथ्या रविवारी गुणवंता औषधाच्या गुंगीत होता. त्या दिवशी विजयने बराच वेळ त्याचा हात हातात घेतला, आणि तो झोपेत होता म्हणूनच घेता आला, हे त्याला ठाऊक होतं.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात गुणवंता गेला.

तेरवीला विजय आणि अपर्णा दोघं गेली. जेवणावळ आटोपली, पाहुणे पांगले, अपर्णा आत भांडी आवरू लागायला गेली. वृषाली ओसरीवर एकटी बसली होती. विजय तिच्यासमोर जाऊन बसला. जे विचारायचं नाही असं बसमध्ये ठरवलं होतं तेच त्याने विचारलं.

"वहिनी, वहीत... शेवटी शेवटी माझ्यासाठी काही लिहिलं होतं का त्याने?"

वृषालीने त्याच्याकडे पाहिलं. तिचे डोळे सुजलेले होते. हो म्हणायला तिला काय लागलं असतं? एक वाक्य पुरलं असतं, ते वाक्य घेऊन विजयने उरलेला जन्म काढला असता. तिला ते कळत होतं, तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"नाही, भाऊजी," ती म्हणाली. "अंकुरसाठी लिहिलं. माह्यासाठी लिहिलं. तुमच्यासाठी काही नाही लिहिलं."

विजयने मान हलवली.

"मी म्हटलं होतं त्यायले," ती म्हणाली, "का भाऊजी येऊन राहिले दर रविवारी, एक अक्षर तरी लिहा. त्यायनं पेन घेतलं. लय वेळ धरून बसले. मंग ठेवून देलं."

अंकुर त्यांना बसस्टँडपर्यंत सोडायला आला. वाटेत दुकान लागलं, शटर ओढलेलं. "काका, चूक माझी होती," तो म्हणाला.

"तुझी नाही. तू त्याचा मुलगा होतास. मुलगा घाबरतो." विजयने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मला घाबरायची परवानगी नव्हती."

पांढुर्ण्याची बस लागलेली होती. अपर्णाला पुढे बायकांच्या सीटवर जागा मिळाली, विजयला मागे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी गुडघ्याला लागली होती. मधेच संत्र्यांचे बगिचे येत होते आणि पुन्हा कपाशी. पहिला चढ येईपर्यंत त्याने रडू धरून ठेवलं, पुढे जमलं नाही. शेजारी एक म्हातारी बाई होती. तिने काही विचारलं नाही. आपल्या मांडीवरची पिशवी उचलून पायाशी ठेवली आणि खिडकीकडे सरकून त्याला थोडी जागा करून दिली.