किल्लेदाराची खुर्ची

बंदुका सोळा होत्या, त्यांतल्या तीन अडकत होत्या. फोमच्या गोळ्या दोनशे चाळीस, पैकी एकतीस टोकाला फाटलेल्या. संघ सहा, प्रत्येकात पाच जण. अडोशाला कारखान्यातलीच रिकामी खोकी आणि मागच्या भिंतींना टेकवून दोन खुर्च्या.

खुर्च्यांची कल्पना माझी. बाबा या खोक्यांच्या कारखान्यात कटिंगचे फोरमन होते. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर ते उजवा पाय ओढत चालतात, उजव्या हातातही जोर नाही. कारखान्यातल्या या दरवर्षीच्या स्पर्धेत त्यांना यंदाही खेळायचंच होतं आणि नियम बसवायचं काम माझ्याकडे आलं होतं. म्हणून मी प्रत्येक संघाला एक किल्लेदार दिला. तो खुर्चीत बसून नेम धरणार. ज्याला गोळी लागेल त्याने आपल्या किल्लेदाराची खुर्ची शिवून परत खेळात यायचं. मारलेल्या गोळीला एक गुण, किल्लेदाराला मारली तर दोन.

"मला बसवून ठेवायला केलंस ना हे?" बाबांनी घरी विचारलं होतं.

"सगळेच किल्लेदार बसणार आहेत, बाबा."

"हं," ते म्हणाले आणि डाव्या हाताने शर्टाची बटणं लावत बसले. मी मदतीला गेले नाही. त्यांना आवडत नाही, आणि खरं सांगायचं तर आठ महिन्यांत माझेही हात थकलेत.

बाबांच्या संघाचे चार सामने झाले. त्यांनी चारही जिंकले. जेवणाच्या सुट्टीत मी पंचांचा तक्ता पाहिला. बाकीच्या किल्लेदारांना प्रत्येक सामन्यात सरासरी पाच गोळ्या लागत होत्या. बाबांच्या रकान्यात चारही वेळा शून्य.

माल-पाठवणी विभागाच्या प्रमुखाला सगळे बोका म्हणतात. घारे डोळे आणि चोरपावलांची चाल. बाबांचा शेवटचा सामना त्याच्या संघाशी होता. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, तुमच्या नियमात काहीतरी गडबड आहे. साहेबांचा संघ हरतच नाही."

"नियमात नाही. त्यांच्यावर कुणी गोळीच झाडत नाही."

"कशी झाडणार? कटिंगला होतो तेव्हा हातात मोजपट्टी देऊन शिकवलंय त्यांनी आम्हाला. त्यात आता तब्येत अशी." त्याने मान खाली घातली. "आमचा हात उचलत नाही हो."

बाबा मागेच होते, काठीवर रेललेले. किती ऐकलं, कळलं नाही.

"किती लागल्या मला?" त्यांनी मला विचारलं.

"एकही नाही."

"मग खेळाडूंत नाव कशाला घातलंस? सामानाच्या यादीत घालायचं. खोकी, खुर्च्या, फोरमन."

किल्लेदाराला मारण्याचे गुण वाढवून काही होणार नव्हतं, एवढं कळलं. मी पाणी पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही.

शेवटचा सामना सुरू झाला, पंच मीच होते. बोक्याचे लोकही बाकीच्या संघांसारखेच बाबांची बाजू सोडून मारत होते. बाबांनी बंदूक मांडीवर टेकवली, डाव्या हाताने खटका ओढला. गोळी बोक्याच्या कपाळावर बसली.

"काय रे बोक्या!" ते ओरडले. झटक्यानंतर एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. "कटिंगला होतास तेव्हा खोकी तिरकीच कापायचास! नेमही तसाच दिसतोय!"

खोक्यांमागून कुणीतरी खिदळलं. बोका आपल्या किल्लेदाराची खुर्ची शिवून परत आला, लाल झालेला.

"आता सोडत नाही हं साहेब!"

"अरे, सोडू नकोस म्हणूनच सांगतोय, गाढवा!"

पहिली गोळी बाबांच्या खांद्याला लागली, दुसरी छातीवर. मग तिघं एकदम वळले. खेळ थांबवायला मी शिट्टी तोंडात धरली. बाबांचा चष्मा नाकावर घसरला होता आणि ते हसत शिव्या घालत होते. शिट्टी मी तशीच धरून ठेवली, वेळ संपेपर्यंत.

खुर्चीभोवतीच्या गोळ्या वेचल्या, तक्ता भरला. फोरमन, किल्लेदार: लागलेल्या गोळ्या नऊ, मारलेल्या दोन. त्यांचा संघ सहा गुणांनी हरला.