तुळईतले भुंगे

सहा महिने ऊसतोडीवर पाचटाच्या कोपीत काढून सत्यभामा आणि उत्तरेश्वर चैत्रात घरी आले, तर पडवीच्या तुळईला बोट जाईल एवढी गोल भोकं पडलेली आणि खाली भुशाचा सडा. भोकांतून काळेकुळकुळीत भुंगे ये-जा करत होते.

"घर आपलं, अन् ऱ्हायलेत हे!" उत्तरेश्वर तापला. फडात सापाला न भिणारा हा गडी भुंगा तोंडासमोर घोंगावला की टॉवेल उडवत अंगणात पळायचा. सत्यभामेला हसू आवरत नसे.

"हसती कावून? तुळई डोक्यात पडली म्हंजे कळंल."

दुसऱ्या दिवशी ती धुणं घेऊन विहिरीवर गेली, तेवढ्यात तो तोंडाला टॉवेल गुंडाळून बाजेवर चढला आणि उरल्यासुरल्या सिमेंटनं सगळी भोकं लिंपून मोकळा झाला. ती आली तेव्हा गडी ऐटीत जेवायला बसला होता. त्यानं भाकर मोडली आणि वरून आवाज आला. लाकडाच्या पोटात काहीतरी घुमत होतं.

 सत्यभामेनं कालवणाची वाटी पुढं सरकवली. त्यानं घास उचलला, परत ठेवला.

"लई कोंडल्यावानी वाजायलंय गं."

"वाजंल की. तुमीच कोंडलंय."

"पिल्लं असतील का आत?"

"असतील. उगं कोन एवढं घर कोरतंय?"

"आपून तर ऊस तोडाया गेलतो. त्यांना काय ठावं, परत येनार म्हनून?"

तो उष्ट्या हातानंच उठला, बाजेवर चढला आणि पेचकसानं ओलं सिमेंट खरवडू लागला. पहिलंच भोक मोकळं झालं, भुंगा नाकाजवळून सुसाट गेला, आणि उत्तरेश्वर बाज मोडून तिच्यात कमरेपर्यंत अडकला. सत्यभामा पदर तोंडाला लावून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. ओढून काढता काढता त्यालाही हसू फुटलं.

"आता दुसरं भोक तू उकर," तो म्हणाला. तिनं सगळी उकरली.

मग त्यांनी तुळईला बाभळीचा टेकू दिला, नवी भोकं पडू नयेत म्हणून उरलेल्या लाकडाला ट्रॅक्टरचं जळकं ऑइल चोपडलं आणि भुंग्यांच्या पुढच्या घरांसाठी बांधावर वाळलेले बांबू बांधले.

दसरा झाला की पुन्हा ऊसतोडीला निघायचं होतं; त्याआधी उत्तरेश्वर शिडीवर चढून एकेका भोकाला कान लावत होता.

"काय म्हनत्यात?" तिनं खालून विचारलं.

"गप. ऐकू दे."

शेवटच्या भोकाशी तो बराच वेळ थांबला. आत कुणी नव्हतं. मग त्यानं सिमेंटचं घमेलं मागितलं.