काठाच्या अलीकडे

लोणारच्या वेशीबाहेर कडुनिंबाखाली इंद्रभाननं गाडी उभी केली, हातब्रेक ओढला आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. मागच्या सीटवर नांदुऱ्याचे भगवंतराव आणि त्यांच्या पत्नी अंबूबाई बसले होते. भगवंतरावांनी खिडकीतून मान बाहेर काढली. समोर ज्वारी कापून मोकळं झालेलं रान होतं, त्यातून एक कच्ची वाट गेली होती आणि तिच्या टोकाला मुरमाचा चढ दिसत होता. बाकी काहीच नव्हतं.

"सरोवर कुठी हाय?"

"त्या चढाच्या पल्याड, जी. इथून पायी जा लागते."

"पायी? मालकानं तं पार काठावर गाडी नेतो म्हणून सांगतलं होतं!"

"पेट्रोल नाही, जी. वापस मेहकर गाठाले पुरलं पाह्यजे."

त्या हिवाळ्यात अरब देशांनी तेल रोखून धरलं होतं. मेहकरच्या पंपावर सकाळपासून रांग लागे आणि दुपारी 'पेट्रोल संपलं'ची पाटी लागे. गाडीचे मालक रंगराव यांची ही एकच टॅक्सी. बसनं मेहकरला उतरणारे प्रवासी लोणार दाखवून परत आणायचे, एवढाच धंदा. प्रवाशांना काही सांगितलं असलं, तरी वेशीच्या पुढं गाडी न्यायची नाही, असं त्यांनीच आज इंद्रभानला बजावलं होतं.

भगवंतराव गाडीतून उतरायलाच तयार नव्हते. अंबूबाईंनी मात्र पदर खोचला आणि मागं न बघता त्या वाटेला लागल्या. मग म्हातारा काठी टेकत, पुटपुटत निघाला. चढावर कोणी घसरलं तर काय घ्या, म्हणून इंद्रभानही मागोमाग गेला.

आजवर किती तरी वेळा त्यानं माणसं काठावर आणली होती. पण हे इंजिन एकदा थंड झालं की हँडल मारून मारून हात गळून जात, म्हणून ते तो चालूच ठेवी. प्रवासी खाली बघत तोवर हा ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून, मान वळवून गाडी उलटी फिरवण्याच्या खटपटीत असे. बघून झालं की सगळे धुरळ्यातून परत.

आज चढ संपला आणि पायाखालची जमीनच सरली.

अंबूबाई जागच्या जागी थांबल्या. समोर एवढा मोठा खोलगट गोल पसरला होता की त्याचा पलीकडचा काठ उन्हात निळसर दिसत होता. उतारावर दाट झाडी, झाडीत बुडालेली काळ्या दगडाची देवळं, आणि पार तळाशी हिरवं, स्थिर पाणी. तिथं वारासुद्धा पोचत नव्हता. तेवढ्यात खाली कुठेतरी मोर ओरडला. तो आवाज त्या गोल भिंतीला लागून फिरत फिरत वर आला, आणि तो पुरता विरायच्या आत दुसऱ्या अंगाच्या मोरानं साद दिली.

अंबूबाईंचे हात आपोआप जोडले गेले होते. भगवंतराव काठीवर दोन्ही हात ठेवून खाली बघत राहिले. मग हलकेच म्हणाले, "आपुन नांदुऱ्याले कापूस मोजत बसलो. अन् हे इथंच होतं?"

एरवी गाडीत बसल्या बसल्या इंद्रभान हे तळं कसं झालं म्हणून लवणासुर राक्षसाची गोष्ट सांगे. ऐकणारा शिकलेला दिसला तर आभाळातून पडलेल्या दगडाची. आज दोन्ही गोष्टी तो विसरून गेला. त्याच्या अंगावर काटा आला होता, आणि तो कोणाला दिसू नये म्हणून तो बाजूला सरकला.

बाजूला त्याची नेहमीची गाडी वळवायची जागा होती. तिथं एक बोरीचं झुडूप होतं. त्याची गाडीकडची पानं धुरानं काळी पडली होती. इंद्रभाननं एक पान बोटांत धरून पुसलं. बोटाला काजळी लागली. पान खालून हिरवं निघालं.

ते तिघं तळापर्यंत उतरले आणि ऊन कललं तेव्हा बसत उठत वर आले. मेहकरला नांदुऱ्याची बस समोर उभी असूनही भगवंतराव बाकावरून उठले नाहीत. "जाऊ दे," ते म्हणाले, "दुसरी येईन."

पुढं पेट्रोल मिळू लागलं. रंगरावांनी टाकी भरून दिली आणि पुन्हा काठापर्यंत जायला सांगितलं. इंद्रभान मात्र कडुनिंबाखालीच थांबत राहिला. कोणी चिडे, कोणी मुकाट चालू लागे. ज्याचे पाय चालत नसत, त्याच्यासाठी तो गावातून बैलगाडी बोलावून आणी. शेवटी खामगावच्या एका कंत्राटदारानं मेहकरला येऊन रंगरावांच्या तोंडावर सगळं सांगितलं.

"पेट्रोल वाचवून इकून राह्यला का बे?" रंगरावांनी विचारलं.

"नाही जी."

"मंग काऊन थांबतं तिथं?"

इंद्रभाननं बोटं एकमेकांवर घासली. काजळी लागलेल्या पानाची गोष्ट मालकाला काय सांगणार? रंगराव म्हणाले, "उद्या मी येतो संग. गाडी वर गेली नाही, तं परवापासून तुह्या जागी माहा पुतन्या निवृत्ती गाडी चालवन."

घरी त्यानं बायकोला, तानुबाईला, हे सांगितलं. तिनं ताटातली भाकरी मोडली आणि ती म्हणाली, "तुमाले काय करा लागते, ते तुमी ठरवेलच हाय."

दुसऱ्या दिवशी रंगराव पुढच्या सीटवर बसले. लोणारवर त्यांचं घर चालत होतं, पण ते स्वतः एकदाच, लहानपणी, कोणाच्या तरी लग्नाला गावात आले होते आणि जेवून परतले होते.

कडुनिंबाखाली गाडी थांबली.

"टाकी भरली हाय ना?"

"भरली हाय, मालक."

"मंग घे वर."

इंद्रभाननं किल्ली काढून रंगरावांच्या हातावर ठेवली. "तुमाले गाडी येते चालवता," तो म्हणाला. "पन एक डाव पायी चाला. मंग काढून टाका मले."

तो उतरून वाटेला लागला. मागं इंजिन कधी सुरू होतं, याकडे त्याचे कान लागले होते. ते झालं नाही. बऱ्याच वेळानं गाडीचं दार वाजलं आणि मुरमावर वहाणांचा आवाज आला.

काठावर रंगराव त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले. ते दमले होते. शिव्या देण्यासाठी ते वळले आणि त्यांची नजर खाली गेली. खाली पोपटांचा एक थवा तळ्यावरून आडवा गेला. एवढ्या उंचीवरूनही त्यांच्या पंखांचा आवाज ऐकू आला.

इंद्रभान त्यांच्याकडे बघत नव्हता. रंगरावांनी डोक्यावरची टोपी काढली, काखेत धरली आणि तसेच उभे राहिले. सावली झाडीवरून देवळावर सरकली.

मग मालकानं टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.

"खाली उतराची वाट कोनीकडून हाय बे?"