कुतुबभाईंचा डावा हात

कुतुबुद्दीन मुल्लांचा डावा हात गेले चार दिवस त्यांचं ऐकत नव्हता. हात काही लुळा पडला नव्हता. उलट भलताच चपळ होता, आणि तीच पंचाईत होती. चोवीस वर्षं कोरल या सॉफ्टवेअरवर लग्नपत्रिका काढून काढून त्याला सगळं इतकं पाठ झालं होतं, की मालकाला विचारण्याची गरजच वाटत नसे. आणि आता समोर कोरल नव्हतंच. इंकस्केप नावाचं नवंच सॉफ्टवेअर होतं.

या सगळ्याला कारण चातुर्मास. ते काम करत त्या शाहूपुरीतल्या प्रेसचा मालक जिनेश प्रवचनाला गेला, आणि महाराजांपुढे हात जोडून चोरीची वस्तू न वापरण्याचा नियम घेऊन आला. घरच्यांना वाटलं, सोपा नियम घेतला, सुटला. पण दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर वर करताना जिनेशच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वडिलांच्या वेळी कुणीतरी सीडीवर आणून दिलेलं कोरल, तेव्हापासून कॉपीची कॉपी करत चाललेलं. मग काय! आठवड्याभरात नवे कॉम्प्युटर आले, पक्क्या बिलासकट, आणि त्यात इंकस्केप आलं. फुकटचं होतं, पण चोरीचं नव्हतं.

"चाचा, शनवारपतोर एक पत्रिका ह्यात काढून दावा," जिनेश म्हणाला. "गिऱ्हाईक शेजारी बसलेलं असताना. जमलं तर खुर्ची तुमचीच. न्हाईतर अपूर्वा डिझाइनला बसंल, तुमी काउंटर सांभाळा."

अपूर्वा दोन महिन्यांपूर्वी लागलेली. ती कॉलेजात हेच शिकून आली होती आणि पलीकडच्या टेबलावर बसून वास्तुशांतीची कार्डं भराभर काढत होती. तिला एक शब्द विचारला असता तर निम्मं काम सोपं झालं असतं. पण विचारतील ते कुतुबभाई कसले! आणि काउंटर म्हणजे काय, तर बिलबुकांचे गठ्ठे बांधायचे आणि 'शेठ आले की सांगतो' म्हणायचं. त्या धास्तीनं खुर्चीवर बसलं की पाय हलत, उठलं की बसावंसं वाटे. घरी जेवतानाही बोटं ताटाच्या काठावर नाचत. "अब्बा, भाकरीवर काय टाइप करताय?" असं लेक सदफनं विचारलं, तेव्हा ते तिच्यावर उगाचच खेकसले.

शर्टाच्या खिशात एक पेन ड्राइव्ह होता. त्यात जुनं कोरल होतं. नुसतं लावायचं आणि चालू करायचं. वापरणार नव्हतेच ते. पण दर दहा मिनिटांनी हात खिशावर जाऊन येई.

शनिवारी दुपारी शिरोळहून जुने गिऱ्हाईक तात्यासो आले. त्यांच्या घराण्यातल्या चार लग्नांच्या पत्रिका कुतुबभाईंनीच काढलेल्या. आता नात रोहिणीची होती. जिनेश डिलिव्हरीला गडमुडशिंगीला गेला होता. तात्यासोंनी खुर्ची ओढली आणि पिशवीतून नावांची यादी काढली, ती संपता संपेना.

"आजोळची माणसं वर घ्या, कुतुबभाई. गेल्या टायमाला खाली गेलती, तर मामा अजून बोलत न्हाई."

"घेतो की."

"आणि कलश जरा मोठा करा. दिसाय पायजे."

कुतुबभाईंनी कलश मोठा केला. कोरलमध्ये जे डोळे झाकून व्हायचं त्यासाठी इथं मेनूत चाचपडावं लागत होतं. पण गिऱ्हाइकाला कळू द्यायचं नाही, म्हणून तोंडानं सारखं "हां, हां" चालू. पावणेदोन तासांत पत्रिका उभी राहिली, आणि छान उभी राहिली. आजोळ वर, कलश मोठा, कडेनं वेल. कुतुबभाईंना चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर श्वास आला. आता फक्त कर्व्ह करायचं.

म्हणजे अक्षरांचं चित्र करून टाकायचं, म्हणजे दुसऱ्याच्या मशीनवर तो फॉन्ट नसला तरी अक्षर बिघडत नाही. त्याशिवाय काम छपाईला जात नाही. कोरलमध्ये त्यासाठी कंट्रोल दाबून क्यू दाबायचा. इंकस्केपमध्ये तेच दाबलं, की अख्खं सॉफ्टवेअर बंद होतं.

हात गेला आणि दाबून आला.

बंद होण्याआधी इंकस्केप विचारतं, काम जतन करायचं का. पण चार दिवस कुतुबभाईंनी नुसती गिचमिड केलेली, जतन करण्यासारखं काही नव्हतंच. दर वेळी त्यांनी 'जतन न करता बंद' हेच बटण दाबलेलं. चार दिवसांत त्यांचा हात नवीन शिकला होता ते एवढंच. त्यानं तेच दाबलं. आणि तात्यासोंच्या बडबडीत मधे सेव्ह करायचंही राहून गेलेलं.

"कुठं गेली ओ पत्रिका?" तात्यासो पुढे वाकले.

कुतुबभाई सबब शोधू लागले. लाईट गेली म्हणावं, तर डोक्यावर पंखा फिरत होता. त्यांनी खिशातला पेन ड्राइव्ह काढला आणि लावला. कोरलची ओळखीची खूण पडद्यावर आली. वीस मिनिटांचं काम. जिनेशला कोण सांगतंय? बाण त्या खुणेवर नेला आणि तिथंच थांबला. आज खुर्ची मिळेल, पण सोमवारी पुन्हा हेच, मंगळवारी पुन्हा हेच. शेजारी अपूर्वा, मागे जिनेश, आणि आपण चोरासारखे कोपऱ्यात. त्यांना स्वतःचीच भयंकर चीड आली. त्यांनी पेन ड्राइव्ह उपसून काढला.

"माझ्या हातनं गेली, तात्यासो," ते म्हणाले. चोवीस वर्षांत गिऱ्हाइकापुढं हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं.

"मग काढा की परत! मी काय पळून चाललोय? गाडी साडेपाचची हाय."

कुतुबभाईंनी इंकस्केप पुन्हा उघडलं. मग मान न वळवता म्हणाले, "पोरी, हे कर्व्ह कुठनं करत्यात गं ह्यात?"

अपूर्वा खुर्चीसकट सरकत आली. जणू चार दिवस हाकेचीच वाट बघत होती.

दुसऱ्यांदा पत्रिका पाऊण तासात झाली. सव्वापाचला जिनेश आला, तेव्हा तात्यासो प्रिंटवर बोट ठेवून आजोळची नावं मोजत होते.

"कशात केली, चाचा?" जिनेशनं हळूच विचारलं.

"ह्याच्यातच. दोनदा." कुतुबभाईंनी पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला. "ह्यात काय हाय, म्हाईत हाय?"

"व्हय. सोमवारी तुमाला जुन्या मशीनवरनं काढून घेताना बघितलंय."

"मग बोलला का न्हाईस?"

"नियम मी घेतलाय, चाचा. तुमच्या गळ्यात कसा घालू?"

कुतुबभाईंनी पेन ड्राइव्ह लावला, आतलं सगळं पुसलं, नुसती पत्रिका टाकली आणि तो तात्यासोंच्या हातात दिला. "मांडवाच्या बोर्डासाठी शिरोळच्या फ्लेक्सवाल्याला द्या. कर्व्ह केलंय म्हणून सांगा."

"आणि हे परत कवा आणून देऊ?"

"ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच."

तात्यासो गाडीसाठी घाईनं निघाले. कुतुबभाईंचा हात सवयीनं खिशावर गेला, आणि परत कीबोर्डवर आला. जिनेश काउंटरवर जाऊन स्वतःच बिलबुकांचा गठ्ठा बांधायला बसला होता. कुतुबभाईंनी आपली खुर्ची अपूर्वाच्या टेबलाकडे सरकवली.

"पोरी, आता मला पयल्यापासनं दाव."