नर्सबाईची पेन्शन

मी प्रभावती. झरी जामणी तालुक्यातल्या उपकेंद्रात नर्सबाई म्हणून माही सारी जिंदगी गेली. या महिनाअखेर रिटायर होऊन राह्यली. म्हणून घरात एकच विषय, पेन्शन विकायची का नाही?

आमच्याकडं पेन्शन 'विकतात'. म्हणजे दर महिन्याच्या पेन्शनीचा काही हिस्सा पंधरा वर्षांसाठी सोडून द्यायचा अन् त्याच्या बदल्यात सरकारकडून एकदम गठ्ठा घ्यायचा. माहा पोट्टा विक्की म्हणे, "आई, विकून टाक. गठ्ठा मी म्युच्युअल फंडात लावतो. पंधरा वर्षांत पैसा कुठल्या कुठं जाईन!"

विक्की यवतमाळले एका फंड विकणाऱ्या कंपनीत आहे. पोट्टा लबाड नाही, हे पह्यलेच सांगते. पण कंपनीनं शिकवलं की धंदा घरच्यापासून सुरू करा, अन् ह्या येड्यानं ते मनावर घेतलं! मामा झाला, मावशी झाली, आत्याचा जावई झाला. मंग विहारात सुरू. रविवारची वंदना झाली, साधु साधु साधु म्हणून होत नाही तोच हा दारात उभा. बुद्धपौर्णिमेले तर त्याले पाहून शेजारच्या शीलाबाईनं हातातली खीर तशीच ठेवली अन् मागच्या दारानं पळाली. बापा, मले इतकी लाज वाटली!

परवा तो फॉर्म घेऊनच आला. "आई, फक्त सही कर."

मी विक्कीच्या बाबांकडं पाह्यलं. त्यांचं सायकलीचं दुकान. म्हणे, "तुह्या पगारात मी कधी बोललो नाही, आता पेन्शनीत कायले बोलू?" अन् टीव्हीचा आवाज वाढवला. घ्या! ऐन वख्ताले असा नवरा.

"मले नाही विकायची," मी म्हटलं.

"काहून?"

"काहून म्हणजे? गावोगाव म्हाताऱ्यांचे बीपी तपासले मी. जिले पेन्शन आहे, तिच्या चहात साखर. जिले नाही, तिले चहाच नाही. डोळ्यानं पाह्यलं."

विक्कीचं तोंड एवढंसं झालं. "म्हणजे तुले वाटते, मी पेन्शन पाहून तुले चहा दीन?"

 खोटं बोलणं मले जमत नाही. "तुह्यावर भरोसा आहे रे राजा. पण मले कोणाच्या भरोशावर जगायचं नाही. तुह्याबी नाही."

 तो फॉर्मची घडी घालू लागला, मोडू लागला, पण माह्याकडं पाहेना. पेशंट काही लपवत असला की मले कळते.

"काय झालं? बोल."

तवा कुठं सांगितलं. किती महिन्यांपासून टार्गेट झालं नाही. दिवाळीपर्यंत नाही झालं तर घरी बसा, असं साहेब म्हणे. माहा गठ्ठा लागला असता तर नोकरी वाचली असती. "पण फंड चांगलाच आहे आई, ते खोटं नाही बोललो," म्हणे, अन् एवढा मोठा बाप्या माणूस रडू लागला.

मले आधी संतापच आला. "मेल्या, हे सरळ सांगता नाही आलं तुले?"

"सांगितलं असतं तर तू लगेच सही केली असती," तो नाक पुसत म्हणाला. "म्हणून नाही सांगितलं. दयेची सही नको होती मले."

खरंच केली असती हो. एका मिनिटात केली असती.  उठली अन् त्याचं डोकं पोटाशी धरलं, लहानपणी धरत होती तसं.

"सोड ते नोकरी," मी म्हटलं. "आईले पेन्शन विकाले लावते, ते कायची नोकरी? दुसरी भेटेपर्यंत राह्य घरी."

"अन् खाऊ कायच्यावर?"

"कायच्यावर म्हणजे? माही पेन्शन आहे न, बावा. पुरी."