गळ्याच्या मशीनची जकात

ज्या वर्षी मयुरीचं लग्न झालं, त्याच वर्षीची ही गोष्ट. म्हणजे २००५ सालची. मयुरी माझ्या थोरल्या भावाची, डोमाजीची, शेवटची मुलगी. जाम गावच्या चौकात डोमाजीचं किराण्याचं दुकान आहे. दुकानापुढून हैदराबादचा रस्ता जातो, आणि डोमाजीने ओट्यावरून हाक मारली की रस्त्याच्या पलीकडचा ट्रकवाला क्लीनरला चहापत्ती आणायला पाठवायचा, असा त्याचा आवाज होता. आसपासच्या लग्नांत शेवटची मंगलाष्टकं तोच म्हणायचा. भटजी म्हणत, डोमाजी असला की आम्हाला लाउडस्पीकर लागत नाही.

आदल्या वर्षी त्याच्या गळ्यात गाठ निघाली. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून जीव वाचवला, पण आवाजाची पेटीच काढावी लागली. त्याला श्वास गळ्याच्या छिद्रातून येऊ लागला आणि तोंडातून शब्द येईना. दुसऱ्या कुणी कागदावर लिहून दाखवलं असतं. डोमाजीला लिहिता येत नव्हतं. गावात साक्षरतेचे वर्ग लागले तेव्हा पन्नाशीला आलेला मी पाटी घेऊन बसलो, तर तो मला म्हणाला होता, "तू शिक बावा. माह्यं सारं दुकान जिभेवर चालते."

जीभ राहिली आणि चालणं थांबलं. मग त्याने घरच्यांसाठी खुणा ठरवल्या. एक टाळी म्हणजे चहा. दोन टाळ्या म्हणजे इकडे या. आणि गल्ल्यावर तळहात आपटला म्हणजे नाही, घालव त्याला. उधारी मागणारा आला की तो गल्ला आपटायचा आणि वच्छला वहिनी त्या माणसाला वाटेला लावायची.

मयुरीचं लग्न आखजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशीचं ठरलं. सोयरीक पक्की झाली त्या दिवशी डोमाजीने मयुरीकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या गळ्याकडे, आणि मान हलवली. लहानपणी भांडण झालं की मयुरी त्याला म्हणायची, "बाबा, सगळ्याईच्या लग्नात गाता, माह्या लग्नात मी कान बंद करून उभी राहीन." तो म्हणायचा, "तुह्या लग्नात तर मी दोनदा म्हणीन."

डॉक्टर म्हणाले, गळ्याला बाहेरून लावायचं एक मशीन मिळतं. ते धरलं आणि ओठ हलवले की शब्द उमटतात. पण इथल्या बाजारात नाही, बाहेरून मागवावं लागेल. डोमाजीचा मुलगा प्रफुल पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. त्याने इंटरनेटवर पाहून अमेरिकेतल्या एका दुकानदाराकडे मशीन मागितलं. पाहिलं नाही, हातात घेतलं नाही, भाव केला नाही. कार्डाने पैसे भरले. मला हे समजेना. मी फोनवर विचारलं, "किती पैशे लागले?"

"मशीनचे वेगळे काका, आणायचे वेगळे."

"आणायचे किती?"

त्याने सांगितलं. मी म्हटलं, "इतक्यात तर माणूस येऊन जाईन."

"माणूस नाई येत काका. डबा येते."

पुढे तो म्हणाला की मुंबईला कर लागला तर लागेल, आणि लागलाच तर मशीनच्या किमतीवर आणि आणायच्या खर्चावर, दोन्ही मिळून लागतो. इथे तर माझं डोकंच चालेना. पूर्वी आम्ही कापसाने भरलेली बैलबंडी वर्ध्याला न्यायचो तेव्हा नाक्यावर जकात घ्यायचे, ती कापसाची. बैलांनी वाटेत कडबा किती खाल्ला त्यावर कुणी जकात मागितली नव्हती.

"पण आपल्याले नाई लागणार," प्रफुल म्हणाला. "मी त्याले डब्यावर भेट म्हणून लिवाले सांगतलं हाये. भेटीवर सूट असते म्हणते."

"कोण म्हणते?"

"इंटरनेटवर लिवलं हाये कोणीतरी."

आणि आईला त्याने बजावलं, "आई, सगळे पैशे भरले हायेत. कोणी आला तर एक रुपया देजो नोको."

धुळवड झाली आणि हिंगणघाटला आमचा चुलतभाऊ पुंडलिकराव वारला. सगळ्या भावकीला सुतक लागलं. क्रियाकर्मासाठी मी तिकडे गेलो आणि तिथेच राहिलो. मागे काय घडलं ते मला वहिनीने नंतर सांगितलं, आणि इतक्या वेळा सांगितलं की मी तिथेच उभा होतो असं मला वाटतं.

एका दुपारी पोस्टमन प्रेमदास सायकल लावून ओट्याशी आला. हातात डबा, साबणाच्या चार वड्या मावतील एवढा. म्हणाला, "काकू, डोमाजींच्या नावानं परदेशातून पार्सल हाये. कर भरा लागते." आणि त्याने रक्कम सांगितली.

वहिनीच्या डोक्यात मशीन म्हणजे मोटारपंपाएवढं, लाकडी खोक्यात, नागपूरहून ट्रान्सपोर्टने येणार. ती म्हणाली, "काय हाये त्याच्यात?"

प्रेमदासने चिठ्ठी वाचली. "भेट लिवली हाये."

"भेट कोनाची?"

"अमेरिकेच्या मानसाची."

"आमची कोनी सोयरीक नाई तिकडं. आन भेट हाये त पैशे कायचे? आहेर आननारा घरधन्याले पैशे मागते का कधी?"

"सरकार मांगून राह्यलं काकू, तो नाई."

"आन आमाले सुतक हाये. सुतकात कोनाचा आहेर घेत नाई आमी. घेतला त पोरीच्या लग्नाले बाधतो."

इतक्यात डोमाजी आतून आला. डबा पाहिला आणि त्याला कळलं. कसं कळलं ते माहीत नाही. जो वाट पाहतो त्याला कळत असेल. तो हात पुढे करून धावला, पण प्रेमदास ओट्याच्या खाली आणि मध्ये तेलाचं पिंप. डोमाजीच्या गळ्याच्या छिद्रातून नुसती हवा निघाली. मग घाबऱ्या घाबऱ्या त्याने जवळची वस्तू आपटली. जवळ गल्ला होता.

"हे बी नाईच म्हनून राह्यले," वहिनी म्हणाली. "घेऊन जाय."

तो आणखी जोरात आपटत राहिला. वहिनी म्हणाली, "आयकलं ना? जाय लवकर, तब्येत बिघडन यांची."

प्रेमदास गेला. घेण्यास नकार, असं त्यावर लिहिलं गेलं.

मी परतलो तेव्हा डोमाजीने मला दंडाला धरून चौकात नेलं. गळ्यावर बोट ठेवलं, मग हातांनी डबा दाखवला, मग सायकल चालवल्यासारखं केलं, मग रस्त्याकडे हात. मला दुसऱ्या फेरीला उमगलं. तसाच पोस्टात गेलो. डबा मुंबईच्या वाटेला लागला होता, तिथून समुद्रापार.

"थांबवा ना," मी म्हटलं.

पोस्टातला बाबू भला माणूस होता. म्हणाला, "आता त्याले धरनारा कोनी नाई. तो धाडनाऱ्याच्या घरीच जाईन."

"आन कर? तो बी वापस जाते का?"

"भरलाच नाई त वापस काय जाईन?"

हे बरोबर होतं. तरी मी बराच वेळ तिथे उभा राहिलो, कारण काय विचारायचं राहिलं ते मला सापडत नव्हतं.

वहिनीला सांगितलं तेव्हा ती पिठाची परात समोर घेऊन बसली होती. मग डोमाजीला म्हणाली, "तुमी गल्ला काऊन ठोकला?" त्याने दोन्ही हात पसरले. दुसरं तो काय करणार होता?

प्रफुलचा तिकडच्या दुकानदाराशी ई-मेलवर वाद झाला. इकडे आणायचं भाडं त्याने ठेवून घेतलं, परत न्यायचं भाडंही कापलं, उरलेलं दिलं, आणि पुन्हा पाठवायला पुन्हा भाडं मागितलं. एकच डबा तीनदा समुद्र ओलांडणार आणि तिन्ही वेळचं भाडं आमचं. मी प्रफुलला विचारलं, "चूक कोनाची धरली त्यानं?"

"आपली काका."

"आपली म्हंजे कोनाची?"

त्याने फोन ठेवून दिला.

लग्न ठरल्या दिवशी लागलं. डोमाजी नवा फेटा बांधून मयुरीच्या मागे उभा होता. भटजी मंगलाष्टकं म्हणत होते, लाउडस्पीकर लावलेला होता. शेवटच्या कडव्याला डोमाजीचे ओठ हलू लागले. अक्षता पडल्या तेव्हा मयुरीची मान वळलेली होती, नवऱ्याकडे नाही, मागे. बायका कुजबुजल्या, पोरगी अशी काय उभी आहे.

आषाढात प्रेमदास पुन्हा आला. तोच डबा की दुसरा, मला सांगता येणार नाही. या वेळी प्रफुलने भेट वगैरे काही लिहू दिलं नव्हतं. काय वस्तू आहे, कुणाच्या कशासाठी आहे, किती रुपयांची आहे, सगळं खरं लिहायला सांगितलं होतं. वहिनीने कराचे पैसे पदराच्या गाठीत बांधूनच ठेवले होते, रोज. गाठ सोडायला लागली तर प्रेमदास म्हणाला, "नाई लागत काकू. फक्त सही करा."

मी पुढे झालो. "कर?"

"या टायमाले नाई लागला."

"कसा नाई लागला? भेटीले लागला आन इकत घेतलेल्याले नाई?"

"आजाऱ्याच्या काही काही वस्तूले माफी असते म्हनते पोस्टातला बाबू. खरं लिवलं त दिसलं आसन त्याईले."

"मंग मागच्या खेपेले हीच वस्तू होती ना?"

"रूपरावजी, मी वाटनारा मानूस. मले काय विचारता?"

वहिनीने तरी दहाची नोट त्याच्या खिशात कोंबली. त्याने काढून ओट्यावर ठेवली. तिने पुन्हा कोंबली. शेवटी त्याने ती पुन्हा काढून ठेवली आणि नुसता चहा घेतला. ती नोट दिवसभर ओट्यावर वजनाच्या मापाखाली पडून होती, कारण ती कुणाची हे ठरेना.

मशीन म्हणजे हातात मावणारी बॅटरीच दिसायला. डोमाजीला वापरणं जमायला वेळ लागला. पहिल्यांदा आवाज निघाला तेव्हा डब्यात भुंगा अडकल्यासारखा निघाला आणि वहिनी आत पळाली. दुसऱ्यांदा शब्द कळला. "चहा," तो म्हणाला.

वहिनी दारातून म्हणाली, "टाळी वाजवा ना. हा कोन बोलून राह्यला घरात?"

"तुहा नवरा," भुंगा म्हणाला.

ती हसली की रडली ते मला नीट दिसलं नाही. ती चहा ठेवायला वळली होती.

आखाडीला, म्हणजे आषाढी पौर्णिमेला, मयुरी माहेरी आली, जावईही आले. जेवणं झाल्यावर डोमाजीने दुकानातून दोन टाळ्या वाजवल्या. दोघं समोर येऊन उभी राहिली, काही न समजून. त्याने मशीन गळ्याला लावलं. त्या मशीनला चढउतार नाही, सूर नाही. सगळे शब्द एका पट्टीत, सरळ रस्त्यासारखे. तो म्हणाला, "शुभ मंगल सावधान."

जावयाने माझ्याकडे पाहिलं. मयुरीने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि तशीच उभी राहिली. डोमाजीने पुन्हा एकदा म्हटलं. वहिनीने समोरच्या पोत्यातली मूठभर ज्वारी घेतली आणि दोघांवर टाकली. थोडी डोमाजीच्या फेट्यावर पडली. गिऱ्हाईक उभं होतं, त्याने विचारलं, "ज्वारी काय भाव?"

"घालव त्याले," डोमाजी म्हणाला, आणि सवयीने गल्लाही आपटला.

भेट महाग का पडली आणि खरेदी स्वस्त का, हे मी पुढे पुष्कळांना विचारलं. प्रत्येकाने वेगळं सांगितलं. जामच्या एका वकिलाने तर मलाच विचारलं, की पहिला कर न भरता तुम्ही सुटलात कसे? आम्ही सुटलो नाही, असं मी त्याला सांगितलं, पण ते त्याला पटवता आलं नाही.

डोमाजी २००७ सालच्या फेब्रुवारीत, महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी घरीच वारला. वच्छला वहिनी त्यानंतर दोन वर्षांनी, पोळ्याच्या आठवड्यात गेली.