जावयासमोर

माझ्या सासूबाईंचं पोट दुसऱ्यांदा उघडायचं की नाही, हे एका वाऱ्यावर अडलं होतं. हसू नका. सत्त्याण्णव साली गंगापूर रोडच्या त्या दवाखान्यात आम्हाला कुणालाही हसू आलं नव्हतं.

झालं असं, की मखमलाबादच्या मळ्यात शेवंती तोडता तोडता सासूबाई पोट धरून खाली बसल्या. टेम्पोत घालून आणलं. लहान आतड्याला पीळ पडलेला, तेवढा भाग काळा झालेला. डॉक्टरांनी तो कापून काढला आणि दोन्ही टोकं जोडली. आता जोड धरला का, आतडं चालू झालं का, हे कळायचं एक लक्षण म्हणजे वारा सरला पाहिजे. तोवर पाण्याचा थेंब नाही. नाकात नळी, हाताला सलाईन.

आमचे दाजी यादवराव, म्हणजे नणंदेचे यजमान, ओझरच्या विमान कारखान्यात नोकरीला. रजा टाकून सासूच्या उशाशी खुर्ची लावून बसलेले. माणूस लाख, पण जागचा हलेल तर शपथ. डॉक्टरांचे सगळे शब्द त्यांनी पाठ केलेले. भेटायला येईल त्याला सांगायचे, इलियमचं रिसेक्शन झालंय, ॲनास्टोमोसिस केलंय, पेरिस्टाल्सिसची वाट बघतोय. लोक माना डोलवायचे. सासूबाई मात्र जावई समोर म्हणून त्या नळीवरूनही पदर ओढून घ्यायच्या.

डॉक्टर राउंडला आले की विचारायचे, वारा सरला का? दाजी काळजीनं पुढे वाकायचे. सासूबाई मान हलवायच्या, नाही.

पोट तर तट्ट फुगलेलं. शेवटी डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं, एक्स-रे बघितला आणि म्हणाले, जोडापाशी अडल्यासारखं वाटतंय, पुन्हा उघडून बघावं लागेल. या वयात दुसरी भूल सोसेल का, असं माझ्या मालकांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, आधी संमतीच्या कागदावर सही करा. बाई कडक, लग्न झाल्यापासून मला धारेवर धरलेलं. पण माझी दोन्ही बाळंतपणं तिनंच निस्तरली होती. ती गेली तर मी भांडू कुणाशी?

सिस्टर तयारीला लागल्या. सासूबाईंनी मला खुणेनं सांगितलं, त्यांना बाहेर धाड. सहीचं बघा म्हणून मी दाजींना कसंबसं उठवलं.

"छाया," सासूबाई म्हणाल्या, "मी मेले तरी चालंल, पण हे जावईबापूंच्या कानावर जाता कामा नये."

मला वाटलं, बाई निरवानिरव करतेय. डोळे भरून आले. मी कान तोंडापाशी नेला.

"वारा सरला हाय. सकाळीच. ते चहाला गेले तवा."

मी विचारलं, मग डॉक्टरांना का नाही सांगितलं?

"जावयासमोर सांगू? तेवढी तरी लाज राहू दे माझी."

म्हणजे ते खुर्चीत बसलेले असताना ही बाई सगळं दाबून धरून पडली होती! असा संताप आला म्हणता. सुरीखाली जायला तयार, पण एवढं बोलायला तयार नाही. मी उठले तशी त्यांनी माझं मनगट पकडलं. मी ते सोडवलं आणि बाहेर पळाले.

डॉक्टर व्हरांड्यात होते. मालक सही करत होते आणि दाजी शेजारी उभे. मी म्हटलं, डॉक्टर, जरा बाजूला या. ते म्हणाले, थिएटर तयार आहे, काय ते इथंच सांगा. आणि काय सांगू तुम्हाला, माझीच जीभ टाळ्याला चिकटली. मीही त्याच घरची सून. दाजींसमोर मी कधी मान वर करून बोलले नव्हते. रिसेक्शन काय, ॲनास्टोमोसिस काय, सगळ्यांच्या तोंडी होतं. हे दोन शब्द मात्र माझ्या तोंडून निघेनात. डॉक्टर वळून चालायला लागले.

"त्यांचा वारा सरलाय!" मी ओरडले. "सकाळीच. दाजींना लाजून सांगत नव्हत्या."

अख्ख्या व्हरांड्यानं ऐकलं. दार उघडंच होतं, म्हणजे आतही गेलंच असणार. दाजींची मान खाली गेली.

"मीच बाहेर बसायला पाहिजे होतं," ते हळूच म्हणाले आणि पार जिन्यापाशी जाऊन उभे राहिले.

डॉक्टर आत आले. पोटावर स्टेथोस्कोप ठेवला, जागा बदलून बदलून ऐकलं. सासूबाईंना सांगितलं, आता काही धरून ठेवू नका. त्यांनी पदर तोंडावर घेतला. थोड्या वेळानं डॉक्टरांनी कानातून नळ्या काढल्या आणि सिस्टरना म्हणाले, थिएटरला नको म्हणून कळवा, संध्याकाळी दोन चमचे पाणी देऊन बघू.

संध्याकाळी मी चमचा घेऊन जवळ गेले. सासूबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"घालवलीस ना माझी लाज."

"घालवली," मी म्हटलं. "पाणी पिता का?"

बऱ्याच वेळानं त्या वळल्या. पाणी प्यायल्या. चमचा रिकामा झाला तरी माझं मनगट त्यांनी सोडलं नाही, आणि या वेळी मीही ते सोडवून घेतलं नाही.